हळद जिंकली, हिरडा हरला

ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीवरील एक पेटंट रद्द केले, तेव्हा या देशात अभिमानाची लाट उसळली होती. जखमेवर हळद दाबावी हे ज्ञान ज्या देशात आजीच्या बटव्यातून नातवाच्या खरचटलेल्या गुडघ्यापर्यंत सहज पोहोचते, त्या देशाच्या या ज्ञानावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने १९९५ मध्ये 'संशोधन' म्हणून मालकी मिळवली होती. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि जुने शोधनिबंध समोर ठेवून ती मालकी खोटी ठरवली. हळदीघाटीची दुसरी लढाई असा तिचा गौरव झाला आणि तो यथार्थच होता.

पुढे कडुनिंबाची लढाई झाली. डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना युरोपात मिळालेले पेटंट मे २००० मध्ये म्युनिक येथे रद्द झाले आणि त्यावरील अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. कडुनिंबाच्या अर्काचा असा उपयोग आपण कितीतरी आधीपासून करीत आलो, अशी साक्ष देण्यासाठी पुण्याचा एक उद्योजक म्युनिकला गेला होता, हे मराठी माणसाने विसरू नये. बासमतीच्या बाबतीत टेक्सासच्या राइसटेक कंपनीला आपले बहुतेक दावे सोडावे लागले. परकीयांच्या बौद्धिक चाचेगिरीविरुद्ध भारताने दिलेले हे लढे आपल्या स्वाभिमानाच्या इतिहासात नोंदले गेले आहेत.

परंतु या सर्व लढ्यांत आपण जगाला एकच गोष्ट ठणकावून सांगितली. 'हे तुमचे नाही.' मग ते कोणाचे आहे? या प्रश्नाचे उत्तर आपण बाहेर मोठ्या आवाजात देतो आणि घरात मात्र टाळतो. आजचे हे लेखन त्या टाळाटाळीविषयी आहे. लेकी बोले सुने लागे अशा रीतीने नव्हे, तर सरळ, घरच्या माणसांना उद्देशून.

सर्पगंधेचा धडा

प्रस्तुत लेखक विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. तरीही हा विषय समजण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही, सर्पगंधेची कथा पुरेशी आहे. आपल्या वैद्यांनी शतकानुशतके वापरलेली ही मुळी रक्तदाबावर गुणकारी आहे, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात जगासमोर मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि त्याचे औषध जगभर विकले गेले. मुळी आमची, अनुभव आमचा, निरीक्षण आमचे आणि नफा त्यांचा! यात त्या काळच्या नियमाप्रमाणे कोणी चोरीही केली नव्हती. वनस्पती ही 'मानवजातीचा सामाईक वारसा' आणि तिच्यातून काढलेले औषध ही कंपनीची खासगी मालमत्ता, असाच तो नियम होता. आपल्या अंगणातली झाडे सर्वांची आणि त्यांच्या तिजोरीतली किल्ली मात्र त्यांची, हा न्याय पाश्चात्त्य जगाने अनेक दशके चालवला.

१९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथे झालेल्या जैवविविधता कराराने हा न्याय उलटवला. आपल्या हद्दीतील जैविक संसाधनांवर त्या त्या राष्ट्राचा सार्वभौम अधिकार आहे, ती घ्यायची तर आधी माहिती देऊन संमती घ्यावी लागेल, अटी दोघांनी मिळून ठरवाव्या लागतील आणि होणाऱ्या लाभात देणाऱ्याचा न्याय्य वाटा राहील, ही या कराराची तीन सूत्रे. भारताने १९९४ मध्ये त्यास मान्यता दिली. लाभवाटपाचे नियम अधिक काटेकोर करणारा नागोया करार २०१० मध्ये झाला आणि ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला. जगाला मानवी हक्कांचे पाठ देणारी अमेरिका मूळ जैवविविधता कराराची आजही सदस्य नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

भारताने मात्र करारावर सही करून हात झटकले नाहीत. २००२ चा जैविक विविधता कायदा हा या विषयावरील जगातील आरंभीच्या कायद्यांपैकी एक. चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यात जैवविविधता मंडळ आणि प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती, अशी त्याची त्रिस्तरीय रचना. गावाने आपल्या परिसरातील झाडे, बियाणे, पशू आणि त्यांविषयीचे ज्ञान लोकजैवविविधता नोंदवहीत उतरवावे, कंपनीने ते वापरले तर तिने वाटा द्यावा आणि तो वाटा त्या गावापर्यंत जावा, ही त्यामागील कल्पना. त्याच सुमारास पेटंट कायद्यातही दुरुस्ती होऊन पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळणार नाही आणि जैविक सामग्री वापरणाऱ्या अर्जदाराने तिचा उगम उघड केलाच पाहिजे, अशा तरतुदी आल्या. कागदावर याहून चांगली व्यवस्था शोधून सापडणार नाही. दुखणे आहे ते कागदाच्या खाली.

हिरडा कोण गोळा करतो?

जुन्नर, आंबेगाव आणि भीमाशंकरच्या डोंगरांत उन्हाळ्यात हिरडा गोळा करण्याची घाई असते. महादेव कोळी समाजाची माणसे झाडावर चढतात, फांद्या झोडपतात, कोवळी फळे वेचतात आणि ती खडकावर वाळत घालतात. हा बाळहिरडा व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि पुढे कारखान्यात त्याचे चूर्ण होते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडे आणि फळे गेली, तेव्हा कित्येक घरांचे वर्षाचे रोख उत्पन्नच गेले. हिरडा हे त्यांचे शेत आहे, फक्त त्याला सातबारा नाही.

आता त्रिफळा चूर्णाची डबी हातात घ्या. तीवर ऋषींचे चित्र असेल, आयुर्वेदाची थोरवी असेल, कारखान्याचा पत्ता असेल. झाडावर चढलेल्या माणसाचा त्यात कोठे मागमूस आहे काय? त्याला मिळाला तो व्यापाऱ्याने ठरवलेला भाव. झाड पुढच्या वर्षी फळावे म्हणून ते जपणारा, कोणते फळ कधी काढावे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणारा हा माणूस आपल्या हिशेबात फक्त मजूर ठरतो.

त्याच सह्याद्रीत नरक्या नावाचे एक लहानखुरे झाड आहे. त्याच्या फुलांना दुर्गंधी, म्हणून हे नाव. त्याच्यापासून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मिळते. हे द्रव्य प्रथम १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एक, मनसुख वाणी, हे मूळचे नंदुरबारचे. त्यावर आधारलेल्या कर्करोगावरील दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नरक्याचे दिवस भरले. परदेशी मागणीसाठी सह्याद्रीतली ही झाडे बुंध्यापासून तोडली गेली. आज हे झाड संकटग्रस्त गणले जाते. तोडणाऱ्याला मिळाली मजुरी आणि कधी वन खात्याचा खटला. ज्याच्या डोंगरावर हे झाड उगवते तो गुन्हेगार, आणि ज्याच्या कारखान्यात त्याचा अर्क निघतो तो उद्योजक! कायदा पुस्तकात असून डोंगरावर नसला की असे होते.

असे होऊ नये यासाठी काय करावे लागते, हे याच देशात एकदा घडून गेले आहे, आणि तेही कायदा होण्याच्या आधी. १९८७ मध्ये केरळातील अगस्त्य पर्वतात तिरुअनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेचे शास्त्रज्ञ फिरत होते. ते थकले, पण वाट दाखवणारे कानी जमातीचे तरुण एक रानफळ चघळत ताजेतवाने चालत होते. त्या 'आरोग्यपच्चा' वनस्पतीपासून संस्थेने 'जीवनी' हे औषध तयार केले, कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला त्याचा परवाना दिला आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांतील निम्मा वाटा कानींना देण्याचे ठरवले. १९९७ मध्ये कानींचा विश्वस्त निधी स्थापन झाला. पुढे वन खात्याच्या आक्षेपांमुळे पानांचा पुरवठा अडला आणि ही योजना रोडावली, हेही खरे. पण देशात कायद्याची सक्ती नसताना भारतीय शास्त्रज्ञांनी भारतीय वनवासींचे ऋण मान्य केले. ऋण मानणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. जन्माला आलेला माणूस ऋणे घेऊनच येतो, असे मानणारी ही संस्कृती आहे. मग औषधनिर्मात्याचेच ऋण कसे फिटले?

घरच्या चोराला सूट

२०१८ मध्ये या प्रश्नाला न्यायालयात तोंड फुटले. उत्तराखंडच्या जैवविविधता मंडळाने दिव्य फार्मसीकडे लाभवाटपाची रक्कम मागितली. कंपनीचे म्हणणे असे की, कायद्यातील हे बंधन परकीयांसाठी आहे, भारतीय कंपनीला ते लागू नाही. न्या. सुधांशू धुलिया यांनी २१ डिसेंबर २०१८ रोजी हा युक्तिवाद फेटाळला. स्थानिक समाजाचा वाटा हा त्याचा अधिकार आहे आणि घेणारा देशी की विदेशी यावर तो अवलंबून नाही, हे त्या निकालाचे सार. ज्यांनी स्वदेशीचा ध्वज हाती घेतला, त्यांच्या पंक्तीतूनच 'आम्ही देशी, म्हणून आम्ही देणार नाही' हा युक्तिवाद यावा, याचा विषाद वाटतो. स्वदेशी हे व्रत आहे, ती करमाफीची पावती नव्हे.

निकालानंतर काय झाले? उद्योगांनी तक्रार केली, सरकारने ती ऐकली आणि २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे. तिच्यातील काही गोष्टी रास्त आहेत आणि त्या मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत. गावातला वैद्य, हकीम किंवा नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना मंडळाच्या दारात उभे करण्यात काही हशील नव्हते. औषधी वनस्पतींची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यालाही मोकळीक हवीच होती. नियमभंगासाठी पाच वर्षांपर्यंतचा तुरुंगवास होता तो काढून दंड ठेवला, यावरही कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

पण याच सुटींच्या रांगेत एक शब्दप्रयोग गुपचूप येऊन बसला आहे. 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान'. म्हणजे जे ज्ञान ग्रंथांत लिहिलेले आहे, त्याचा वापर करणाऱ्या देशी कंपनीला राज्य मंडळाला पूर्वसूचना देण्याचे आणि वाटा देण्याचे बंधन नाही. आता आयुर्वेदातील कोणते मोठे औषध असे आहे, की ज्याचा उल्लेख ग्रंथांत नाही? त्रिफळा आहे, च्यवनप्राश आहे, सर्वच आहे. सूट अपवादासाठी असते. येथे अपवादच नियम होऊन बसला आणि २०१८ च्या निकालाने उघडलेले दार बव्हंशी पुन्हा लोटले गेले.

यातील तर्कदोष लहान मुलालाही कळावा. ज्ञान ग्रंथात आहे, हे कबूल. पण हिरडा ग्रंथात उगवत नाही! तो भीमाशंकरच्या झाडावर उगवतो. चरकसंहितेच्या पानावरून कारखान्यात उतरते ती कृती. पोत्यांतून उतरते ती फळे, साली आणि मुळ्या. लाभवाटप हे केवळ ज्ञानाचे मोल नव्हे, संसाधनाचे आणि ते जपणाऱ्याचेही मोल आहे. ग्रंथाच्या आडून जंगल फुकट नेण्याचा परवाना ऋषींनी कोणालाही दिलेला नाही.

तीन आक्षेप

यावर काही सज्जन म्हणतात, ऋषींनी ज्ञान विकले नाही, ते लोककल्याणासाठी दिले, मग आज त्याचे पैसे कशाला? युक्तिवाद मोठा सात्त्विक आहे. तो वनवासींपुढे करण्याआधी कंपनीने आपले चूर्णही लोककल्याणासाठी फुकट वाटावे. विकताना व्यापार आणि देताना अध्यात्म, हा दुटप्पीपणा ऋषींच्या नावावर खपवू नये.

दुसरे म्हणतात, यामुळे आयुर्वेद उद्योग मोडून पडेल. पडेल काय? २०२५ मध्ये प्राधिकरणाने जे नवे विनियम आणले, त्यांनुसार पाच कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्याला काहीही द्यावे लागत नाही. पाच ते पन्नास कोटींना विक्रीच्या ०.२ टक्के, अडीचशे कोटींपर्यंत ०.४ टक्के आणि त्यापुढे ०.६ टक्के. म्हणजे सर्वांत मोठ्या कंपनीलाही शंभर रुपयांच्या मालामागे साठ पैसे! डबीवर ऋषींचे चित्र छापण्याला याहून अधिक खर्च येत असेल. साठ पैशांनी जो उद्योग मोडतो, तो मुळातच उभा नव्हता.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. पैसा गावापर्यंत पोहोचतो कोठे? तो मंडळात आणि समित्यांत अडकतो, मग द्यायचा कशासाठी? यात तथ्य आहे. कायदा होऊन चौदा वर्षे झाली तरी बहुसंख्य ग्रामपंचायतींत समित्याच नव्हत्या, म्हणून २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपयांचा भुर्दंड सांगितला, तेव्हा कोठे धावपळ सुरू झाली. आज देशात अडीच लाखांहून अधिक समित्या आहेत. पण भुर्दंडाच्या भयाने आणि मुदतीच्या घाईने भरलेल्या नोंदवहीत डोंगरावरच्या म्हातारीचे ज्ञान कितीसे उतरणार? तरीही या दुखण्यावरचा उपाय वाटा बंद करणे हा नव्हे. टपालवाला पत्र पोहोचवीत नाही म्हणून कोणी पत्र लिहिणाऱ्याचे हात बांधीत नाही.

जगापुढे कोणत्या तोंडाने?

या प्रश्नाला एक राष्ट्रीय बाजूही आहे. २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे, दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या चर्चेनंतर, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्यांनी एक करार स्वीकारला. जनुकीय संसाधनांवर आधारित पेटंट मागणाऱ्याने त्यांचा उगम सांगितलाच पाहिजे, असे तो म्हणतो. आपण पेटंट कायद्यात जे २००२ मध्येच लिहिले, ते जगाने बावीस वर्षांनी मान्य केले. पण त्यात दात नाहीत. फसवणुकीचा हेतू नसेल, तर केवळ उगम न सांगितल्यामुळे पेटंट रद्द करता येत नाही. जुन्या पेटंटांना तर तो हातही लावत नाही.

त्याच वर्षी कोलंबियातील काली येथे जैवविविधता परिषद झाली. आता कंपन्यांना रोपटेही न्यावे लागत नाही. त्याच्या जनुकांची अक्षरमाला संगणकावरून उतरवून घेतली की काम भागते. अशा माहितीतून कमावणाऱ्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का जागतिक निधीत द्यावा, असे तेथे ठरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निधी सुरू झाला. पण देणे ऐच्छिक! नरक्याचा बुंधा पकडता येत होता. त्याची जनुकमाला कोणत्या नाक्यावर पकडणार?

अशा वेळी भारताचा आवाज जगात सर्वांत खणखणीत असला पाहिजे. उद्या आपला प्रतिनिधी अमेरिकी-युरोपीय कंपन्यांना म्हणेल, तुमचे देणे सक्तीचे करा. समोरचा शांतपणे विचारील, तुमच्या कंपन्या तुमच्याच वनवासींना काय देतात? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, या म्हणीला उत्तर कोणत्याही मुत्सद्द्याकडे नसते. घरातील न्याय ही बाहेरच्या लढाईची रसद आहे. ती तुटली तर हळदीघाटीची तिसरी लढाई आपण रणात उतरण्याआधीच हरू.

करावयाचे ते

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. संहिताबद्ध ज्ञानाची सूट छोट्या वैद्यापुरती राहावी. ज्या कंपनीला उलाढालीमुळे वाटा देणे परवडते, तिने जंगलातून येणाऱ्या प्रत्येक मालावर तो द्यावा, मग कृती ग्रंथातली असो वा नसो. 'लागवडीचा माल' म्हणून सूट मागणाऱ्याचे उगम प्रमाणपत्र खरे आहे की नाही, हे डोंगरातील समितीने प्रत्यक्ष शेत पाहून ठरवावे. महाराष्ट्राच्या नागपूर येथील जैवविविधता मंडळाने कोणत्या कंपनीकडून किती रक्कम आली आणि ती कोणत्या गावाला गेली, याचा ताळेबंद दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावा. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेवरील व पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक अधिकार ग्रामसभेला दिलेला आहेच. तेव्हा करार समितीच्या दोन सह्यांनी न होता ग्रामसभेच्या खुल्या बैठकीत, तिला समजेल अशा भाषेत व्हावा.

पंक्तीतल्या शेवटच्या माणसाच्या पानात काय पडले, यावरून यजमानाची परीक्षा होते, हे आपण एरवी सभांतून सांगत असतो. ती परीक्षा आता आपली आहे. हळद अमेरिकेतून सोडवून आणली, कारण ती लढाई परक्याशी होती आणि त्यात टाळ्या होत्या. हिरड्याची लढाई आपल्याच माणसांशी आहे, तिच्यात टाळ्या मिळणार नाहीत. पण ती जिंकल्यावाचून हळदीचा विजयही अर्धाच राहील. भीमाशंकरच्या खडकावर वाळणारा हिरडा ज्या दिवशी आपल्या मोलासह काट्यावर चढेल, त्या दिवशी आपल्याला जगाला अधिकाराने सांगता येईल की, हे तुमचे नाही आणि ज्याचे आहे त्याला आम्ही ते दिले आहे.